स्वीट कॉर्नचे दाणे घरी कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला, हातगाड्यांवर हिरव्या कणसांचे ढीग दिसू लागले, की पाककृतींचे प्रश्न मागे पडतात आणि एकच विषय सुरू होतो. कुणाची सुरी घसरते, कुणाच्या ओट्यावरच्या टाइल्सवर मक्याचं दूध उडतं, कुणाच्या उपम्यात तूस येतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. दाणे काढायची सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

आधी पदार्थ ठरवा, मग हत्यार. उपमा, सूप, पुलाव, सँडविच यांसाठी सुरी; पाच मिनिटांत चार कणसं होतात. उसळ करायची असेल किंवा वाफवून तिखट-मीठ-लिंबू लावून खायचे असतील, तर अख्खे टपोरे दाणे हवेत, तिथे अंगठा (प्रश्न ४). कीस, भजी, वडे यांना दाणा नकोच असतो, आतला गर हवा असतो, तिथे किसणी (प्रश्न १०). पुष्कळ जण कीस करायलाही आधी सुरीने दाणे काढतात, मग मिक्सरमधून फिरवतात, आणि साल दातात अडकते म्हणून तक्रार करतात.

२. सुरीने कापताना कणीस उभं धरायचं की आडवं?

व्हिडिओत सगळे उभं धरतात. ते दिसायला छान, पण सात-आठ इंचांचं ओलं कणीस टोकावर उभं राहत नाही, डुलतं. मी आडवंच ठेवते. पाटावर कणीस झोपवा, देठाकडचं टोक डाव्या हातात धरा आणि शेंड्याकडे सुरी नेत एका बाजूच्या तीन-चार ओळी काढा. आता तिथे सपाट पट्टा तयार झाला. कणीस त्या सपाट बाजूवर टेकवा, म्हणजे ते लोळणार नाही, आणि पुढच्या ओळी काढा. असं चार-पाच वेळा फिरवलं की काम झालं. शेवटी देठाजवळ, जिथे हात होता तिथे, चार दाणे उरतात. कणीस उलटं धरून तेही काढा.

उभंच धरायचं असेल तर कणीस मधोमध मोडून दोन तुकडे करा. मोडायच्या जागी सुरीने चारी बाजूंनी खाच दिली की हाताने काडकन मोडतं. कापलेला सपाट भाग खाली ठेवा. खाली परात घ्या, परातीत ओला पंचा घडी करून ठेवा आणि त्यावर कणीस टेकवा. सुरी घसरत नाही, दाणेही घरभर उडत नाहीत.

आणि सुरीला धार हवी. बोथट सुरी दाणा कापत नाही, चिरडते. दूध उडतं ते त्यामुळे.

३. किती खोल कापायचं? माझ्या दाण्यांत कागदासारखे कडक तुकडे येतात.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बाकीच्या निम्म्या तक्रारींचं मूळही इथेच आहे.

एक दाणा काढून उलटा करून पाहा. बुडाशी त्याला पांढरट, खरखरीत झालर असते. प्रत्येक दाणा दांड्यावर अशा पातळ तुसाच्या वाटीत बसलेला असतो. सुरी दांड्याला घासून नेली की ती वाटीही दाण्याबरोबर येते. ती कितीही शिजवा, मऊ होत नाही.

म्हणून दाण्याच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर कापा. एक तृतीयांश दांड्यावर राहू द्या. 'एवढं वाया घालवायचं?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. वाया जात नाही. दाणे वेगळ्या भांड्यात काढून ठेवा, मग सुरी उलटी करून तिच्या पाठीने दांडा वरून खाली दाबून खरवडा. उरलेलं दूध, गर आणि दाण्याचा पांढरा अंकुर वाटीत उतरतो. तूस मात्र दांड्याला चिकटून राहतं. हा ऐवज सूप आपोआप दाट करतो, मग कॉर्नफ्लोअर लावायला लागत नाही.

अंदाज कसा घ्यायचा? सुरी लाकडात शिरल्यासारखी अडली तर तुम्ही फार खोल गेलात. सुरळीत, काकडी चिरल्यासारखी गेली तर बरोबर. कापून झाल्यावर दांड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ओली घरं दिसायला हवीत.

४. आजी अंगठ्याने अख्खे दाणे सोडवायची. मला एकही नीट निघत नाही. काय चुकतं?

पहिली ओळ. बाकी काही नाही.

दाणे एकमेकांना इतके खेटून बसलेले असतात, की बाजूला पडायला जागाच नसते. म्हणून आधी एक ओळ बळी द्यायची. सुरीच्या टोकाने किंवा चमच्याच्या दांडीने देठापासून शेंड्यापर्यंत एक ओळ उकरून काढा. ती तुटेल, फुटेल, चालेल. आता शेजारच्या ओळीला पडायला रिकामी गल्ली मिळाली. अंगठ्याचं पेर (नख नव्हे) त्या ओळीवर आडवं ठेवा आणि गल्लीच्या दिशेने ढकला. चार-पाच दाणे एकदम टपटप पडतात, बुडाच्या टोकासकट. मग पुढची ओळ, मग त्यापुढची.

देठाकडून सुरुवात करा. तिथला दाणा मोठा आणि घट्ट असतो, तो पकडीत येतो. शेंड्याकडचे बारके दाणे शेवटी.

मुलं मदतीला बसली असतील तर त्यांना ओळी मोजायला सांगा. बारा, चौदा, सोळा, अठरा: कणसावरच्या ओळी सम निघतात, कारण दाण्यांची फुलं जोडीजोडीने लागतात. आमच्याकडे या मोजणीत अर्धा तास शांततेत जातो.

५. तसं करूनही दाणे फुटतात, हात चिकट होतो. मग?

आजीचं कणीस देशी होतं, हे विसरू नका. देशी मक्यात पिष्ट जास्त, दाणा टणक. स्वीट कॉर्नच्या दाण्यात साखर टिकून राहते आणि पिष्ट कमी तयार होतं, त्यामुळे तो पाणीदार आणि नाजूक असतो. कच्चा असताना अंगठ्याखाली फुटणारच. उपाय सोपा आहे. अख्खी कणसं उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं घाला, बाहेर काढून पूर्ण गार करा, आणि मग अंगठा लावा. आतलं दूध आळलेलं असतं, दाणा अख्खा सुटतो.

६. दाणे कच्चे काढावेत की उकडून? कुकरला किती शिट्ट्या?

दाणे पुन्हा शिजणार असतील (भाजी, उपमा, सूप) तर कच्चेच काढा. उकडून काढले आणि परत शिजवले, की ते सुरकुततात आणि साल चिवट लागते. थेट खायचे असतील, कोशिंबिरीत घालायचे असतील, फ्रीझरमध्ये ठेवायचे असतील, तर आधी उकडा. उकडलेल्या कणसाला सुरी लावली की दाणे सुटे न पडता पट्ट्या निघतात, दहा-बारा दाणे एकमेकांना धरून. कोशिंबिरीत त्या छान दिसतात. सुटे हवे असतील तर हाताने चोळा.

कुकरला स्वीट कॉर्नसाठी एक शिट्टी पुरे, देशी कणसाला तीन-चार. नुसत्या पातेल्यात उकळत्या पाण्यात स्वीट कॉर्न पाच-सहा मिनिटांत होतं. गरम कणीस हातात धरून कापू नका. घाई असेल तर नळाखाली धरा.

७. ते केस! कितीही काढले तरी दाण्यांत येतातच.

दाणे काढल्यावर केस वेचत बसू नका, हरलेली लढाई आहे. केस कणसावर असतानाच काढायचे. पानं एकेक करून सोलू नका. शेंड्याकडे पानं आणि केस मिळून मुठीत घट्ट धरा आणि केळ सोलल्यासारखं एका झटक्यात खाली ओढा. निम्मे जातात. उरलेल्यांसाठी ओला पंचा किंवा कोरा, मऊ दातांचा टूथब्रश शेंड्याकडून देठाकडे फिरवा.

एक गंमत: प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. पराग त्या केसावर पडला, तिथून आत पोचला, तरच तो दाणा भरतो. कणसात मध्येच दाणे नसलेली पोकळ जागा दिसते ना, तिथल्या केसांपर्यंत पराग पोचलाच नाही. ते कणीस किडकं किंवा खराब नसतं. फक्त अंगठ्याने काढायला ते सोपं जातं, कारण गल्ली आधीच तयार असते (प्रश्न ४).

८. मायक्रोवेव्हमध्ये सालासकट ठेवून कणीस पिळलं की आपोआप बाहेर येतं म्हणे. खरं का?

खरं आहे. न सोललेलं एक कणीस पूर्ण पॉवरवर तीन ते चार मिनिटं ठेवा. जाड पंच्याने धरून बाहेर काढा, कारण आत वाफ कोंडलेली असते. देठाकडून साधारण इंचभर, दाण्यांची शेवटची ओळ कापली जाईल इतकं, सालासकट कापून टाका. मग शेंड्याकडून धरून दाबत हलवा. कणीस सुळकन बाहेर येतं, केस सालातच राहतात. देठ पुरेसं कापलं नसेल तर ते अडकून बसतं आणि आपण बोटं भाजून घेतो. दाणे अर्थात यानंतरही काढावेच लागतात, पण कणीस आता शिजलेलं आहे हे लक्षात ठेवा (प्रश्न ६).

९. बाजारात मिळणारं दाणे काढायचं यंत्र घ्यावं का?

दोन प्रकार दिसतात. एक, साल काढायच्या सोलाण्यासारखं, ज्याच्या पात्याला बाक असतो. हे बरं चालतं. एकावेळी दोन-तीन ओळी निघतात आणि हात पात्यापासून लांब राहतो. दुसरं गोल, कणसाच्या टोकावर बसवून पिळत खाली न्यायचं. मी एका प्रदर्शनातून हौसेने आणलं होतं. विकणाऱ्याच्या हातात सरसर चाललं, घरी पहिल्याच कणसावर अडकलं. त्याच्या कड्याचा व्यास ठरलेला. आपली कणसं देठाकडे जाड, शेंड्याकडे निमुळती. जाड भागात ते दांडा सोलतं (म्हणजे तूस, प्रश्न ३), बारीक भागात अर्धे दाणे सोडून देतं. आता ते मुलांच्या भातुकलीत आहे.

शेतकरी वापरतात ती लोखंडी, आतून दाते असलेली नळी वाळलेल्या मक्यासाठी असते. ओल्या कणसावर चालवली तर हातात लगदा येतो.

१०. कीस करायचा आहे. किसणीवर कणीस किसताना बोटं कापतात, आणि किसात सालही येते.

किसण्याआधी एक काम करा. प्रत्येक ओळीच्या मधोमध, देठापासून शेंड्यापर्यंत, सुरीच्या टोकाने हलकी चीर द्या, म्हणजे प्रत्येक दाण्याचं पोट फाटेल. कंटाळवाणं आहे, एका कणसाला दोन मिनिटं लागतात. पण मग किसणीवर फारसा जोर लागत नाही. गर खाली पडतो आणि साल बहुतेक दांड्यालाच चिकटून राहते. बारीक भोकाची बाजू वापरू नका, मध्यम वापरा. कणीस अख्खंच ठेवा, मोडू नका, म्हणजे धरायला लांबी मिळते. किसणी परातीत तिरपी टेकवा.

भुट्ट्याच्या किसाचं माहेर इंदूर. तिथल्या मराठी वाचकांकडून दर वर्षी सूचना येते, की कीस देशी भुट्ट्याचाच करावा. मला पटतं. स्वीट कॉर्नचा कीस कढईत जास्त पाणी सोडतो, आळायला वेळ घेतो आणि गोड लागतो. स्वीट कॉर्नच वापरायचं असेल तर दूध कमी घाला, साखर अजिबात नको, हिरवी मिरची आणि लिंबू मात्र सढळ हाताने.

११. विळीवर काढता येतात का?

ज्यांचा विळीवर हात बसलेला आहे त्यांना येतात. माझ्या सासूबाई कणसाचे दोन तुकडे करून, तुकडा दोन्ही हातांनी धरून पात्यावर वरून खाली नेतात, आणि सुरीपेक्षा लवकर उरकतात. ज्यांनी विळी फक्त नारळ खवायला काढली आहे, त्यांनी कणसावर शिकू नये. गोल, ओली, घसरणारी वस्तू शिकायला वाईट. खवणीच्या दात्यांनी गर काढायचा प्रयत्नही करून झाला आहे. ते दांडाच ओरबाडतात.

१२. चार माणसांच्या उपम्याला किती कणसं आणू?

मध्यम कणसातून साधारण पाऊण कप दाणे निघतात, म्हणजे चार कणसांतून तीन कप. अंगठ्याने काढले तर जरा जास्त भरतात, कारण दाणा बुडापासून येतो. चार जणांच्या उपम्यात घालायला दोन पुरतात, नुसत्या दाण्यांचा उपमा असेल तर पाच आणा. विकत घेताना वजनावर जाऊ नका, सालाचं आणि दांड्याचं वजन बरंच असतं.

१३. दाणे काढल्यावर धुवायचे का?

नाही. कापलेला दाणा धुतला की त्याचं गोड दूध मोरीत जातं. सोललेलं अख्खं कणीस धुवा, पुसून कोरडं करा, मग कापा. ओलं कणीस हातातून निसटतं, तेही टळतं.

१४. कणीस कोवळं आहे की जून, घेताना कसं कळणार?

साल हिरवं आणि दमट, बाहेर आलेले केस तपकिरी पण चिकटसर, देठाचा काप ताजा. सालावरून हात फिरवला तर दाणे शेंड्यापर्यंत भरलेले हाताला कळतात. प्रत्येक कणीस सोलून बघण्याची गरज नाही, भाजीवाला वैतागतो ते उगाच नाही.

एक दाणा नखाने टोचून पाहायची जुनी खूण आहे: पाणी आलं तर कोवळं, दुधासारखा चीक आला तर बरोबर, पीठ आलं तर जून. देशी कणसाला ती चोख लागू पडते. पण अतिगोड संकरित जातींचा चीक तयार झाल्यावरही पातळ, पाण्यासारखाच राहतो. तिथे दाणा चाखून पाहणं हीच परीक्षा. स्वीट कॉर्न कच्चं खाल्लेलं चालतं.

जून निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, त्याचे वडे करा.

१५. काढलेले दाणे किती दिवस टिकतात? फ्रीझरसाठी काय करायचं?

कच्चे दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, दोन दिवस. त्यानंतर आंबूस वास येऊ लागतो. कणीसच ठेवायचं असेल तर सोलू नका, सालासकट ठेवा, पण तेही लवकर संपवा. तोडल्यापासून कणसातली साखर कमी होत जाते, आणि उकाड्यात बाहेर ठेवलेलं कणीस दुसऱ्या दिवशी चवीला वेगळं लागतं. अतिगोड जातींत हे हळू होतं इतकंच.

फ्रीझरसाठी: सोललेली कणसं उकळत्या पाण्यात चार मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. दांडा आतून गार होईपर्यंत तिथेच ठेवा. दांडा उष्णता बराच वेळ धरून ठेवतो आणि आत शिजवत राहतो. पुसून दोन तृतीयांश खोलीवर दाणे काढा, ताटात एका थरात पसरून फ्रीझरमध्ये दोन तास ठेवा, दाणे टणक झाले की पिशवीत भरून हवा काढा. पसरायची पायरी गाळली तर पिशवीत वीट तयार होते. असे दाणे आठ-दहा महिने चांगले राहतात. वापरताना बाहेर काढून ठेवू नका, थेट कढईत घाला.

न उकळता कच्चेच गोठवले तर? गोठतात, पण दोन-तीन महिन्यांत चव उतरते.

१६. लाईट गेली आणि फ्रीझरमधले दाणे मऊ पडले. परत गोठवू का?

दाण्यांवर अजून बर्फाचे कण असतील तर परत गोठवायला हरकत नाही, पोत थोडा बिघडेल. पूर्ण सुटून गार राहिले असतील तर त्याच दिवशी सूप करा. कोमट झाले असतील तर टाकून द्या. आणि लाईट गेल्यावर 'दाणे ठीक आहेत ना' म्हणून दर तासाला फ्रीझर उघडू नका.

१७. शेंड्याकडे अळी निघाली. कणीस फेकू का?

नको. अळी बहुधा शेंड्याकडूनच आत शिरते आणि तिथेच खाते. खाल्लेला, काळपट विष्ठा दिसणारा भाग आणि त्याच्या पुढचे दोन इंच कापून टाका, बाकीचं धुऊन वापरा. २०१८मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली तेव्हापासून मका उत्पादकांच्या मागे ती लागलेलीच आहे. आपल्या कणसात कधीमधी एखादी निघते, त्यात नवल नाही.

दाण्यांवर बुरशी, आंबट वास किंवा बुळबुळीतपणा असेल तर मात्र अख्खं कणीस टाका. दाण्यांच्या जागी राखाडी-काळ्या फुगलेल्या गाठी दिसल्या तर ती काणी, मक्यावर येणारी एक बुरशी. मेक्सिकोत ती मुद्दाम शिजवून खातात. माझ्या स्वयंपाकघरात ती कचऱ्यात जाते.

१८. भाजलेल्या कणसाचे दाणे काढायचे आहेत, आजोबांना दातांनी तोडता येत नाही.

पुरतं गार होऊ द्या, मग प्रश्न ४प्रमाणे अंगठ्याने काढा. भाजल्यावर दाणा आकसलेला असतो, मध्ये फट पडलेली असते, सहज निघतो. लिंबू-तिखट दाणे काढल्यावर वाटीत चोळा. आधी चोळलं तर अंगठ्याच्या पेराला कळतं.

१९. बाळाला दाणे कधी द्यायचे?

लहान मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो, शिजवलेलासुद्धा. त्यामुळे बाळासाठी दाणे काढूच नका. कणीस मऊ उकडा, प्रश्न १०प्रमाणे चिरा देऊन सुरीच्या पाठीने गर खरवडा आणि गाळणीतून दाबून घ्या. मोठ्या मुलांच्या शौचात अख्खे दाणे दिसले म्हणून काळजीचे फोन येतात. ते बहुतेक दाण्याचं साल असतं, ते माणसाला पचत नाही. आतला गर पचलेला असतो. सावकाश चावून खायला शिकवा.

२०. उरलेल्या दांड्यांचं काय करू?

टाकण्याआधी एकदा उकळा. चार दांडे, सहा कप पाणी, आल्याचा तुकडा, चार मिरी, अर्धा तास मंद आच. गाळलेलं पिवळसर पाणी सूपला किंवा पुलावाला वापरा. दांडे नंतर गाईला किंवा कंपोस्टला. कंपोस्टमध्ये अख्खे टाकू नका, महिनोन्‌महिने तसेच राहतात. सुकवून, ठेचून टाका.

२१. बेबी कॉर्नचे दाणे कसे काढायचे?

काढायचे नाहीत. ते परागण होण्याआधी तोडलेलं कोवळं कणीस आहे, त्यात दाणे भरलेलेच नसतात. चकत्या करा आणि दांड्यासकट खा.